कारण: वहाब

माणिकराव दाल मिलमधली दोन नंबरची मशीन सलग तीन वर्षं एकदाही मोडली नाही. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मिल कारंज्याहून धनजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका तोंडाने तूर आत जाते, दुसऱ्या तोंडाने डाळ बाहेर येते. मधे जे होतं त्याला पूर्वी भरडणं म्हणत, हल्ली प्रक्रिया म्हणतात. एक नंबरची मशीन तूर चाळते, दोन नंबरची टरफल काढून दोन फाका करते, तीन नंबरची डाळ आणि तुटक्या डाळीची चुरी निराळी करते. दोन नंबर थांबली की मिल थांबते. तिथं मी अठरा वर्षं कारकून आहे. हजेरी, गेटपास आणि बंद-वही माझ्याकडे. मशीन केव्हा बंद झाली, केव्हा सुरू झाली आणि का बंद होती, एवढं बंद-वहीत लिहायचं असतं. माझे थोडे नेम आहेत. सोमवारी उपास, गुरुवारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौन, आणि हातून खोटं अक्षर लिहायचं नाही. पहिल्या दोन नेमांचा मिलला काही उपयोग नव्हता. तिसऱ्याचा होता, म्हणून माझ्या वहीवर सगळ्यांचा विश्वास.

मशीन न मोडण्याचं काम वहाबभाईंकडे होतं. वहाबभाई मिलचे मिस्त्री. सकाळी मशीन सुरू झाली की ते दोन नंबरच्या बेअरिंगला पालथा हात लावायचे, लेकराचा ताप बघावा तसा. मग लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ डाळ निवडणाऱ्या बायाही गप्प बसत. मग ते म्हणायचे, "आज चहाच्या टायमाले पंचवीस मिनिटं हिले आराम द्या." त्या पंचवीस मिनिटांत ते ग्रीस भरत, पट्टा ओढून घेत, कधी बेअरिंगच बदलत. मोडायला मशीनला सवडच मिळत नसे.

हे मी वहीत लिहीत असे. सुरुवातीला सविस्तर लिही: 'वहाबभाई मिस्त्री यांनी डाव्या बाजूच्या बेअरिंगला ग्रीस भरले व पट्टा ताणून घेतला, सबब मशीन पंचवीस मिनिटे बंद.' पण 'कारण' या रकान्याची रुंदी दोन बोटं. मजकूर बाजूच्या सहीच्या रकान्यात शिरायचा आणि माणिकरावांना बेअरिंगवर सही करावी लागायची. एक दिवस ते म्हणाले, "ताई, थोडक्यात लिवत जा ना. आपल्याले समजते." तेव्हापासून मी थोडक्यात लिहू लागले. वेळ: १.४० ते २.०५. कारण: वहाब.

मिलमध्ये सगळ्यांना समजत होतं.

माणिकरावांचा मुलगा अनुप पुण्याहून परत आला तो मशीनला शिकवण्याचं शिक्षण घेऊन. येताना त्याने त्रिकाल नावाची प्रणाली आणली. त्रिकाल मशीनच्या अंगावर बटणाएवढे सेन्सर चिकटवतं, छतावरून कॅमेऱ्याने बघतं, ताप, कंप आणि आवाज मोजतं, आणि मशीन केव्हा मोडणार हे मोडण्याआधीच सांगतं.

"पन ते त वहाबभाई सांगते," माणिकराव म्हणाले.

"बाबा, चाचा नुसतं सांगतात. त्रिकाल भाकीत करतं."

"फरक काय मंग?"

"चाचांचा आलेख काढता येत नाही."

तीस वर्षं पाळलेल्या माणसाचा आलेख काढता येत नाही, हे माणिकरावांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

ऑफिसात भिंतभर टीव्ही लागला. त्याला हळदकुंकू मी वाहिलं. नारळाचं पाणी आत जाईल म्हणून नारळ मात्र बाहेर ट्रकच्या चाकापाशी फोडावा लागला. टीव्हीवर दोन नंबरच्या मशीनचं चित्र आणि त्यात एक हिरवं वर्तुळ. हिरवं म्हणजे प्रकृती ठीक, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे धावा.

आता अडचण अशी की भविष्य सांगण्यापूर्वी त्रिकालला भूतकाळ खाऊ घालावा लागतो. तो भूतकाळ माझ्या बंद-वहीत होता. अनुपने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि बजावलं, "ताई, आहे तसं टाइप करा. मनाचं काही घालू नका. डेटा शुद्ध हवा." शुद्धतेचं मला नवल नव्हतं. दीड महिना मी तीन वर्षांच्या नोंदी टाइप करत होते. कारण: वहाब. कारण: वहाब. मधे दोनेकशे नोंदी झाल्यावर मनात आलं, कंसात जरा खुलासा करावा का? पण वहीत नसलेलं अक्षर घातलं असतं तर तो फेरफार झाला असता. नेम मोडला असता. मी पुढची ओळ घेतली.

वहाबभाई पाणी प्यायला ऑफिसात आले आणि माझ्या खांद्यावरून डोकावले. "ताई, माहं नाव लई वेळा लिवून राह्यल्या. जपमाळ हाय का काय?"

"मशीनची जपमाळ आहे, वहाबभाई."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले, आणि माझ्या टेबलावर दोन खजूर ठेवून गेले. त्या दिवशी सोमवार होता. माझा उपास त्यांच्या लक्षात असे. कुठल्या वारी मला चहा विचारायचा, कुठल्या वारी खजूर द्यायचे आणि कुठल्या वारी माझ्याशी बोलायचंच नाही, हे मिलमध्ये त्यांना एकट्याला पाठ होतं.

त्रिकालचा पहिला अहवाल आला तो गुरुवारी. ऑफिसात बैठक भरली. माणिकराव, अनुप, डाळ निवडणाऱ्या बायांच्या मुकादम रुपाबाई आणि इतिवृत्त लिहायला मी. वहाबभाईंना बोलावलेलं नव्हतं. विषय तेच असल्यामुळे त्यांनी उपस्थित राहणं पद्धतीला धरून नव्हतं.

टीव्हीवर भाकरीएवढा लाल गोल आला. त्याला एक कोरभर पांढरी फट होती.

"तीन वर्षांत दोन नंबर चारशे त्रेचाळीस वेळा बंद पडली," अनुप म्हणाला. "त्यातली ही फट म्हणजे लाईट गेली. एकतीस वेळा. बेअरिंग खराब, शून्य. पट्टा तुटला, शून्य. आणि हा जो लाल भाग आहे, चारशे बारा, तो वहाबचाचा."

"अरे, तो दुरुस्ती करते," माणिकराव म्हणाले.

"कशाची?"

"मशीनची."

"बाबा, तीन वर्षांत बिघाड किती झाले?"

"एक बी नाई."

"मग दुरुस्ती कशाची करत होते?"

रुपाबाई म्हणाल्या, "माह्या घरी बी चोरी नाई झाली. कुत्रं हाकलून देऊ काय?"

"तुमच्याकडे त्याचा डेटा आहे?" अनुपने विचारलं. रुपाबाईंकडे नव्हता. कुत्रा होता.

मग सगळे माझ्याकडे वळले. माणिकराव म्हणाले, "ताई, तुमीच सांगा. वही तुमची हाय." मी ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. गुरुवार. "हाव बाप्पा, मौन हाय त्यायचं," माणिकराव ओशाळून म्हणाले.

आता खरं सांगते. मौनात मी चिठ्ठ्या लिहिते. त्या सकाळीच दोन लिहिल्या होत्या. एक, 'माझ्या चहात साखर नको.' दुसरी, 'खिडकी लावा, ऊन येतं.' पॅड मांडीवर होतं, पेन्सिल हातात होती. तिसरी चिठ्ठी लिहिली असती तर मौनाचा आत्मा दुखावला असता, असं मला त्या वेळी अगदी मनापासून वाटलं. शिवाय अनुप तेव्हाच सांगत होता, "ताईंच्या नोंदींना त्रिकालने विश्वासार्हतेचे शंभरपैकी नव्याण्णव गुण दिलेत. पुण्याची कंपनी त्यांना प्रमाणपत्र देणार आहे. फ्रेमसकट." अशा वेळी चिठ्ठी लिहिणं बरं दिसलं नसतं.

इतिवृत्तात मी लिहिलं, 'ठराव मांडण्यात आला. उपस्थितांपैकी कारकून यांनी आक्षेप घेतला नाही.' यात एक अक्षर खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन नंबरभोवती वीस फुटांवर जमिनीवर पिवळा पट्टा मारण्यात आला. वहाबभाई त्याच्या आत आले तर कॅमेरा ओळखणार आणि भोंगा वाजणार. त्यांना काढलेलं नव्हतं. उलट त्यांची बढती झाली होती. हुद्दा: वरिष्ठ अनुभव संसाधन. जागा: आवारातल्या कडुनिंबाखालचा बाक.

"म्हंजे मी निसता बसू?" वहाबभाईंनी विचारलं.

"बसायचं नाही चाचा," अनुप समजुतीने म्हणाला. "उपलब्ध राहायचं."

वहाबभाई बाकावर उपलब्ध राहिले. मांडीवर पेचकस. रुपाबाईंनी पट्ट्याकडे बघून विचारलं, "कावो ताई, हे मशीनले सीतामाई केलं काय?" मी हसले नाही. आम्ही कामावर असताना कॅमेरा हसण्याचीही नोंद घेतो.

पहिल्या आठवड्यात दोन नंबर एकदाही बंद झाली नाही. अनुपने पेढे वाटले. ग्रीस नाही, पट्टा ओढणं नाही, पंचवीस मिनिटांचा आराम नाही. आकडे बोलत होते आणि ते काय बोलतात हे टीव्हीवर लिहून येत होतं: 'सुधारणा: शंभर टक्के.' एक पेढा वहाबभाईंनाही गेला. त्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "गोड हाय. पन तिचा आवाज भरून आला."

दुसऱ्या आठवड्यात मशीन तापू लागली. हे त्रिकालला दिसलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला सगळं दिसत होतं. पण ताप रोज एकेक अंशाने वाढला. आजचा ताप कालच्याएवढाच आहे, थोडा जास्त, म्हणून त्रिकालने त्याला वाढ म्हणून धरलं नाही, सवय म्हणून धरलं. वर्तुळ हिरवं. माणसांत यालाच संसार म्हणतात, पण मशीनच्या बाबतीत हे मी पहिल्यांदाच बघत होते.

तापलेली मशीन डाळीच्या दोन फाका करायच्या ऐवजी चार करू लागली. चुरी वाढली, धूळ वाढली. अनुपने त्रिकालला विचारलं, चुरी का वाढतेय? त्रिकालने रात्रंदिवस हिशेब करून उत्तर दिलं: रुपाबाई खोकल्या की चुरी वाढते.

खरं होतं. चुरी वाढली की धूळ उडायची आणि रुपाबाई खोकायच्या. पण कोण आधी आणि कोण नंतर, हे विचारण्याची त्रिकालच्या पडद्यावर जागा नव्हती. नोटीस लागली, माझ्याच अक्षरात: 'खोकण्याच्या वेळा: सकाळी अकरा ते अकरा-पाच व दुपारी चार ते चार-पाच.'

"आन् मधातच आला त?" रुपाबाईंनी विचारलं.

"आगाऊ अर्ज द्यायचा," अनुप म्हणाला.

"खोकला हाय तो, बापू. यष्टी हाय काय टायमावर याले? आन् यष्टी तरी कोठं येते टायमावर?"

रुपाबाईंनी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'खोकला.' तो नामंजूर झाला, कारण ते कारण नव्हतं, तो परिणाम होता. हा फरक अनुपला रुपाबाईंच्या बाबतीत बरोबर कळला.

एवढं करूनही चुरी वाढतच गेली. मग त्रिकालला आणखी एक गोष्ट सापडली. वहाबभाई ज्या दिवशी बाकावर मशीनकडे तोंड करून बसतात, त्या दिवशी चुरी जास्त. तेही खरं होतं. आवाज वाईट आला की ते आपसूक तिकडे वळून बसत. बाक फिरवण्यात आला. वहाबभाई कडुनिंबाच्या खोडाकडे तोंड करून बसले. तरी मान वळते, असं कॅमेऱ्याने कळवलं. शेवटी बाक गेटाबाहेर, रस्त्याच्या कडेला गेला. वरिष्ठ अनुभव संसाधन आता धनजकडे जाणाऱ्या ऑटोंना उपलब्ध होतं.

मंगळवारी मी कामावर येत होते तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "ताई, दोन नंबरचं डाव्या हाताचं बेअरिंग. आवाज गेटापावतर येऊन राह्यला. शनिवार नाई पायनार ते. तेवढं सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

मंगळवारी अनुपला पुण्याहून सारखे फोन होते. बुधवारी तो अकोल्याला गेला. गुरुवारी तो माझ्या टेबलासमोर अर्धा तास मोकळा बसला होता, पण गुरुवार होता. रुपाबाई जाता जाता हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचं मौन लई हुशार हाय वो. बराबर कामाच्या दिवशीच येते." मी मनात नामस्मरण चालू ठेवलं. शुक्रवारी मी निग्रहाने उठले आणि म्हणाले, "अनुपदादा, वहाबभाई म्हणत होते..."

"ताई, पुन्हा चाचा?" तो हसला. "तुमच्याच चारशे बारा नोंदी आहेत. आता चारशे तेरावी नको." आणि कुरिअरने आलेलं प्रमाणपत्र त्याने माझ्या हातात दिलं. सोनेरी चौकट, काच, आणि आत 'सत्य नोंदींसाठी'. मी खिळा कुठे ठोकावा ते बघू लागले.

त्याच दिवशी पोहरादेवीहून फोन आला. रामनवमीच्या यात्रेच्या अन्नदानाला तीस क्विंटल डाळ, ट्रक रविवारी सकाळी निघायला हवा. माणिकरावांनी शब्द दिला. अन्नदानाचा शब्द, तो पोहरादेवीला दिलेला. परत घेता येत नाही. मशीन शनिवारी पहाटेपासून सुरू केली.

साडेदहाला दोन नंबरने किंकाळी फोडली. मग धाडकन आवाज, जळक्या रबराचा वास, आणि पट्टा सापासारखा उडून रुपाबाईंच्या सुपावर येऊन पडला. बाया बाहेर पळाल्या. मिल थांबली. इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या ऑटोतलं गाणं आत ऐकू आलं.

आम्ही टीव्हीकडे धावलो. वर्तुळ हिरवं होतं. इतकं हिरवं ते पूर्वी कधी झालं नव्हतं. खाली अक्षरं उमटत होती: 'कंप: शून्य. आवाज: शून्य. ताप: वेगाने उतरत आहे. प्रकृती: उत्कृष्ट.' मग पडद्यावर वरून फुलं पडू लागली. 'अभिनंदन! आजवरचा सर्वोत्तम दिवस.'

"मशीन बंद पडली," माणिकराव म्हणाले.

"हो, पण उत्कृष्ट आहे," अनुप म्हणाला. तो टीव्हीला टिचक्या मारत होता.

"मेलेल्या मान्साले बी ताप नसते, अनुप."

अनुपने पुण्याला फोन लावला. पुण्याने सांगितलं, आम्हाला इथे हिरवं दिसतंय, तुमच्याकडेच काही बघण्यात चूक असेल. माणिकरावांनी पायात चपला सरकवल्या आणि स्वतः गेटाबाहेर गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. ते बाकापाशी उभे राहिले. काय बोलले ऐकू आलं नाही. पण त्यांनी हात जोडले, आणि वहाबभाईंनी ते घाईघाईने खाली केले.

वहाबभाई आले ते हातात फडक्याचं गाठोडं घेऊन. त्यात नवं बेअरिंग होतं. आठ दिवसांपासून ते रोज सोबत आणत होते. पिवळा पट्टा ओलांडल्याबरोबर भोंगा सुरू झाला. रुपाबाईंनी त्यावर तुरीचं रिकामं पोतं बांधलं. मग पोत्याच्या आतून मेलेल्या आवाजात भोंगा केकाटत राहिला आणि वहाबभाई हातोडी मारत राहिले. पाच तास. वर ना पंखा, ना बोलणं. सव्वाचारला त्यांनी पेचकस बेअरिंगवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बाया गप्प. "चालू करा," ते म्हणाले.

रविवारी ट्रक वेळेवर पोहरादेवीला गेला. मला वाटलं, देवाने आपला शब्द राखला. त्या वेळी मला असंच वाटलं.

सोमवारी बैठक झाली. त्रिकालचा अहवाल आला होता, आणि पुण्याच्या कंपनीचं अभिनंदनाचं पत्रही. अनुपने पडदा लावला. शनिवार, साडेदहापासून पुढे: मशीन पूर्ण शांत, ताप उतरता, प्रकृती उत्कृष्ट. अकरा वाजून दहा मिनिटे: वहाब निषिद्ध क्षेत्रात प्रवेश करतो. अकरा-पंधरा: तीव्र कंप, धातूवर धातूचे आघात. पाच तास आघात. त्यानंतर मशीनला आवाज, कंप आणि ताप पुन्हा सुरू. निष्कर्ष: निरोगी व शांत मशीनला वहाबने पाच तासांत गोंगाट, थरथर व ताप लावून दिला. खात्री: शंभर टक्के.

"मी सोता त्याले बोलावून आनलं," माणिकराव म्हणाले.

"ते भावनिक झालं, बाबा. हे बघा." अनुपने पत्र वाचलं. एवढ्या लहान गावातल्या मिलमध्ये बिघाडाचं कारण इतकं नेमकं कधीच सापडलं नव्हतं. कंपनी आपल्या माहितीपुस्तिकेत आमच्या मिलवर एक अख्खं पान छापणार होती. माणिकरावांचा फोटो मागवला होता, शक्यतो फेट्यात.

माणिकराव बराच वेळ पत्राकडे बघत राहिले. फेटा कुठे ठेवलाय, हे आठवत असावेत. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, वही तुमची हाय. तुमी बोला. तुमी म्हनान तसं करू."

रुपाबाई माझ्याकडे बघत होत्या. भिंतीवर माझं प्रमाणपत्र होतं, 'सत्य नोंदींसाठी'. मी बोलले असते तर मला एवढंच सांगायचं होतं, की त्या चारशे बारा ठिकाणी मी अर्धं वाक्य लिहिलं. मग त्रिकालने पुढचा अहवाल काढला असता, आणि त्या भाकरीएवढ्या लाल गोलावर एकच नाव आलं असतं. ते वहाबभाईंचं नसतं.

मी ओठांवर बोट ठेवलं.

"मौन हाय त्यायचं," माणिकराव म्हणाले. सुस्कारा सोडला, मला वाटतं सुटल्याचाच. कॅलेंडरकडे कुणी बघितलं नाही. इतिवृत्तात मी लिहिलं, 'कारकून यांनी आक्षेप घेतला नाही.'

दुपारी वहाबभाई माझ्या टेबलापाशी आले. शेवटचा गेटपास मलाच करायचा होता. त्यावरही कारणाचा रकाना आहे, तोही दोन बोटांचा. मी लिहिलं, 'कामावरून कमी.' पास त्यांच्याकडे सरकवला. मान वर केली नाही. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून पासाच्या जागी ठेवली.

"रमजानातले उरले होते," ते म्हणाले. "उपास असन ना तुमचा."

मी ओठ मिटूनच मान हलवली.

त्यांनी पास घडी करून खिशात ठेवला. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "आज त सोमवार हाय, ताई."

आणि गेले. पेचकस घेऊन गेले. तो त्यांचा स्वतःचा होता. मिलच्या साहित्याच्या यादीत त्याची नोंद नव्हती.

त्यानंतर दीड महिन्यात दोन नंबर नऊ वेळा मोडली. अकोल्याहून मिस्त्री येतो, तो पुण्याच्या कंपनीचा आहे, त्याचा आलेख निघतो. मी आता कारणं सविस्तर लिहिते, सहीच्या रकान्यातसुद्धा. त्रिकाल एवढं लांब वाचत नाही. तो त्याला 'इतर' म्हणतो. वहाब: शून्य. वर्तुळ हिरवं. माहितीपुस्तिका छापून आली, माणिकरावांना फेटा शोभतो. खजुराची पुडी माझ्या खणात आहे. उपास सोडायला मी केळं खाते.

आणि हो, मी आता सोमवारचंही मौन धरलंय. वहीत तशी नोंद आहे, म्हणजे ते खोटं राहिलं नाही.

माझ्याविषयी तुम्हाला काय वाटतं याचा मला अंदाज आहे. पण 'कारण: वहाब' म्हणजे काय, हे तुम्हाला तर अगदी सुरुवातीलाच कळलं होतं. अनुपला, माणिकरावांना, त्रिकालला कळायच्या कितीतरी आधी. तुम्ही हसलात आणि पुढे वाचत गेलात. तुमच्या ऑफिसातही एखादा रकाना असेलच, दोन बोटांचा, आणि त्यात कुणाचं तरी नाव. मी दोष देत नाही. फक्त विचारते.

तुमच्याकडे आज कोणता वार आहे?